ओव्हनमधला रावस, बुधवारच्या रात्रीसाठी

२०२५ च्या मे महिन्यात माझ्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना आहारतज्ज्ञ बाईंनी एक छापील कागद हातात दिला. त्यावरच्या तळलेल्या सगळ्या पदार्थांवर त्यांनी पेनाने काट मारली होती आणि 'मासे' या ओळीपुढे हाताने लिहिलं होतं: आठवड्यातून दोनदा चालतील, भाजून किंवा वाफवून. खोबऱ्यापुढे 'बेताने' असं होतं.

आमचं घर मालवणकडचं. मासा आमच्या ताटात दोनच तऱ्हांनी येतो. एक कालवण, त्याला भरपूर ओल्या खोबऱ्याचं वाटण, आणि दुसरी रव्यात घोळवून तळलेली तुकडी. दोन्हींवर गदा आली होती. बाबा तक्रार करणाऱ्यांतले नाहीत. पण पहिल्या बुधवारी वाफवलेली सुरमई पुढे आली तेव्हा त्यांनी एक तुकडा खाल्ला आणि वरण-भात मागून घेतला. त्या रात्री मी ठरवलं की भाजलेला मासा शिकायचा, आणि असा शिकायचा की बाबा तो आपणहून मागतील.

अडचण वेळेचीही होती. माझं ऑफिस फोर्टात, घर ठाण्याला. दारात पाय ठेवते तेव्हा साडेसात वाजून गेलेले असतात. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार आमच्याकडे मासे होत नाहीत, म्हणजे आठवड्यातले उरले बुधवार आणि शुक्रवार. रविवारी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघर ताब्यात घेतात. मला हवं होतं ते बुधवारी-शुक्रवारी आठ वाजता सुरू करून साडेआठला ताटात वाढता येईल असं काहीतरी.

तव्यावर थोड्या तेलात करून पाहिलं, चांगलं होतं, पण पाच माणसांच्या तुकड्या उलटत गॅससमोर उभं राहणं काही सुटत नाही. एअर फ्रायरच्या जाळीत एका वेळी तीनच काप मावतात. शेवटी ओटीजीवर, म्हणजे ओट्यावर ठेवायच्या छोट्या विजेच्या ओव्हनवर, आलो. अठ्ठावीस लिटरचा, दीड हजार वॅटचा, वर आणि खाली स्वतंत्र रॉड असलेला घेतला. ७,४०० रुपये पडले. घेताना एवढंच पाहा की वरचा रॉड एकटा चालू करता येतो का. ग्लेझचं, म्हणजे माशावर चढवायच्या चकचकीत थराचं, सगळं काम त्या वरच्या रॉडवर आहे.

ओव्हन आला आणि आठवडाभर खोक्यातच राहिला. त्याची पिन १६ अँपिअरची, मोठी. आमच्या ओट्यापाशी एकही तसा पॉइंट नव्हता आणि घर भाड्याचं. अकरा महिन्यांच्या करारात स्पष्ट कलम आहे की मालकाच्या लेखी संमतीशिवाय वीजजोडणीत बदल करायचा नाही. १२ जूनला मी घरमालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर दोन्हीकडे लिहिलं. ते नाशिकला असतात. २४ जूनला उत्तर आलं: परवाना असलेला वायरमन हवा, पावतीची प्रत पाठवा, आणि घर सोडताना पॉइंट काढून न्यायचा नाही. अटी रास्त होत्या. तुमचंही घर भाड्याचं असेल तर ईमेल नक्की करा. फोनवरचं 'हो' कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी कामी येत नाही.

वायरमनने आधी वीजबिल मागितलं. बिलावर 'मंजूर भार' असा एक रकाना असतो, तो मी इतक्या वर्षांत कधी वाचला नव्हता. आमचा तीन किलोवॅट निघाला, त्यामुळे भार वाढवण्याचा अर्ज करावा लागला नाही. मंजूर भार एक किलोवॅट असेल आणि घरात गिझर, एसी दोन्ही असतील तर त्या अर्जाचा विचार आधी करा. त्याने बोर्डापासून चार स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर ओढली आणि तिला स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, बसवला. सामानासकट १,८५० रुपये झाले. जाताना बजावून गेला की गिझर आणि ओव्हन एका वेळी लावू नका, आणि एक्स्टेंशन बोर्डावर तर ओव्हन कधीच नको.

पहिल्यांदा ओव्हन रिकामाच २०० अंशांवर वीस मिनिटं तापवायचा असतो. रॉडला कारखान्यातलं तेल असतं, ते जळतं, धूर आणि वास येतो. खिडक्या उघड्या ठेवा, घाबरू नका. दुसरी गोष्ट, ३५० रुपयांचा एक ओव्हन थर्मामीटर आत टांगून ठेवा. आमच्या ओव्हनचा खटका २०० वर असतो तेव्हा आत १८० च असतात. पुढे मी जे अंश लिहिते आहे ते आतले आहेत, खटक्यावरचे नाहीत.

आता सगळं तयार होतं आणि मासा नव्हता. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, ६१ दिवस. माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला. बाजारात या दिवसांत जे दिसतं ते बर्फातलं, खाडीतलं किंवा तळ्यातलं. ती बंदी उठायच्या आतच २५ जुलैला श्रावण लागला. आई श्रावण पाळतात, म्हणजे घर पाळतं. मग २७ ऑगस्टला गणपती, त्यानंतर पितृपक्ष, २२ सप्टेंबरला घटस्थापना. मधले चार-दोन दिवस मोकळे होते, पण बाबांच्या तपासण्या आणि माझ्या ऑफिसातलं सहामाहीचं काम यांत तेही गेले. सणांचा क्रम मी दरवर्षी पाहते. माशाच्या नजरेने तो पहिल्यांदाच पाहिला, आणि दसऱ्यापर्यंत थांबायचं हे उघड झालं.

ते महिने फुकट गेले नाहीत, कारण मी ग्लेझ शिकले लाल भोपळ्यावर.

माझं म्हणणं असं होतं की चकचकीत आंबट-गोड थर चढवायला सोया सॉस आणि मध आणायची गरज नाही. आपल्याकडे आगळ (कोकमाचा खारवलेला आंबट रस) आहे, गूळ आहे, बेडगीचं तिखट आहे. कोकमाच्या आगळाला माशाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. सिंधुदुर्गातून आलेली घरच्या आगळाची बाटली होतीच. श्रावणात लसूण चालणार नव्हता म्हणून आलं घातलं. भोपळ्याचे बोटभर जाड काप आठ-दहा मिनिटं वाफवून घ्यायचे, पुसायचे, ट्रेवर मांडायचे आणि ग्लेझ लावून भाजायचं. भोपळा स्वतः गोड, मऊ आणि ओलसर, त्यामुळे पाक कुठे धरतो आणि कुठे ओघळतो हे त्यावर स्वच्छ कळतं.

तिथे मी मुद्दाम शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. अर्ध्या कापांना सुरुवातीलाच ग्लेझ फासलं, अर्ध्यांना शेवटची पाच मिनिटं राहिली असताना. २०० अंशांवर पंधरा मिनिटांनी पहिल्या कापांच्या कडा काळ्या आणि कडू झाल्या होत्या, मधला भाग तरीही पाणचट. दुसऱ्या कापांवर तांबूस, पारदर्शक, बोटाला चिकटणारा थर होता. कारण सरळ आहे. गुळात साखरेबरोबर तिचे फुटलेले साधे घटकही असतात आणि ते लवकर करपतात. खालून जिन्नस पाणी सोडत असतो, तो पाक पातळ करून ट्रेवर नेतो, आणि ट्रेवर गेलेला पाक जळतो. म्हणून ग्लेझ उशिरा लावायचं आणि कोरड्या पृष्ठभागावर लावायचं. या सगळ्या खटाटोपातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही घ्या.

ओव्हनच्या काचेतून ते शेवटचे क्षण पाहण्यासारखे असतात. ब्रश फिरवल्यावर पहिलं मिनिटभर काहीच होत नाही. मग पृष्ठभागावर मोठे, पातळ बुडबुडे येतात आणि पटापट फुटतात, ते आगळातलं पाणी जात असतं. त्यानंतर बुडबुडे बारीक होतात, जड होतात, सावकाश फुटतात आणि फुटल्यावर मागे खळगा राहतो. रंग पिवळट लालावरून गडद तपकिरीकडे झुकायला लागतो. तिथे ट्रे बाहेर काढायचा. आणखी एक मिनिट थांबलं की करपतो. हे 'तिथे' मी भोपळ्यावर ओळखायला शिकले, म्हणून पुढे हजार रुपये किलोच्या माशापुढे हात थरथरला नाही.

दसरा २ ऑक्टोबरला गुरुवारी आला. ५ तारखेच्या रविवारी सकाळी सातला मी स्टेशनजवळच्या मासळी बाजारात होते. नेहमीच्या मावशींकडे साडेतीन किलोचा रावस होता. रावस का, तर त्याला मधला काटा सोडला तर फार काटे नसतात, मांस पांढरं, मोठ्या पाकळ्यांचं असतं, आणि सुरमईपेक्षा भाजताना कमी कोरडा पडतो. हॉटेलांच्या मेन्यूवर त्याला इंडियन सामन म्हणतात, पण सामनशी त्याचं काही नातं नाही. हे सांगायचं कारण असं की इंटरनेटवरच्या भाजलेल्या माशाच्या बहुतेक कृती सामनसाठी असतात. सामनमध्ये चरबी जास्त, तो दोन-तीन मिनिटं जास्त राहिला तरी निभावून नेतो. रावस नेत नाही.

पारख आपली नेहमीचीच: कल्ले उचलून आत लाल हवेत, डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, बोटाने दाबल्यावर खड्डा राहता कामा नये, वास समुद्राचा यावा, माशाचा नाही. मी मावशींना म्हटलं, "काप अंगठ्याएवढे जाड करा, सगळे सारखे. तळायचे नाहीत." त्यांनी कोयता थांबवला. "तळायची नाय? मग करतेस काय त्याचं?" मी भाजणार म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून पोटाकडचे पातळ काप वेगळे केले आणि म्हणाल्या की हे कालवणात घाल, भाजायला पाठीकडचेच घे. हा सल्ला लाखमोलाचा निघाला. जाडी सारखी असेल तर सगळे काप एकाच वेळी होतात. पातळ आणि जाड एकत्र घातले की पातळ वाळतात आणि जाड कच्चे राहतात.

भाव १,१०० रुपये किलो होता. बुधवार-शुक्रवारसाठी आणि रविवारच्या कालवणासाठी एकाच माशात भागलं. साफ करून, धुऊन, पुसून मी काप दोन डब्यांत एका थरात मांडून फ्रीजरमध्ये ठेवले. मीठ किंवा हळद लावली नाही, कारण मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं आणि मांस घट्ट होतं. बुधवारी सकाळी घरातून निघताना डबा फ्रीजरमधून खाली फ्रीजच्या कप्प्यात ठेवायचा, संध्याकाळी मासा सुटलेला असतो. हे काम आता माझा नवरा करतो, कारण तो माझ्यानंतर बाहेर पडतो. ओट्यावर ठेवून जायचं नाही. विशेषतः सुरमई, बांगडा, ट्यूना या जातीचे मासे उबेत राहिले की त्यांत हिस्टामिन नावाचं त्रासदायक द्रव्य तयार होतं, आणि एकदा तयार झालं की भाजून किंवा उकळून ते जात नाही. ओठ-तोंड झिणझिणणं, अंगावर लाल चट्टे येणं, डोकं दुखणं असा त्रास होतो. बाजारातून आणतानाही बर्फ मागून घ्या. आमच्या मावशी पैसे घेत नाहीत त्याचे.

ग्लेझ मी रविवारीच करून ठेवते. सहा कापांना पुरेल इतकं प्रमाण असं: तीन मोठे चमचे किसलेला गूळ, दोन मोठे चमचे आगळ, दोन मोठे चमचे पाणी, चार लसूण पाकळ्या ठेचून, एक लहान चमचा बेडगी तिखट, चिमूटभर मिरपूड. स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर चार-पाच मिनिटं उकळायचं. अ‍ॅल्युमिनियम किंवा पितळ नको, आगळ आंबट आहे. चमच्याच्या पाठीला धरून राहायला लागलं की लगेच बंद करायचं, गार झाल्यावर ते आणखी दाट होतं. गुळाचा पाक करायची सवय असलेल्यांचा हात इथे जरा पुढे जातो. एकतारीपर्यंत नेलंत तर ब्रशने लागणार नाही. मीठ घालायचं नाही. आगळात असतं. विकतच्या आगळात तर इतकं असतं की आधी चाखून मगच प्रमाण ठरवा. काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. लसूण असल्यामुळे मी त्याहून जास्त ठेवत नाही.

८ ऑक्टोबरच्या बुधवारी पहिल्यांदा केलं. घरी आल्या आल्या, हातपाय धुवायच्या आधी, ओव्हन लावला. तापायला दहा-बारा मिनिटं लागतात, तेवढ्यात आपलंही आवरून होतं. काप बाहेर काढून दोन्ही बाजूंनी चिमूट चिमूट मीठ आणि हळद लावली, दहा मिनिटं ठेवले, आणि मग जे पाणी सुटलं ते स्वच्छ पंचाने दाबून दाबून टिपलं. ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि इथेच सगळं ठरतं. ओल्या कापावर ग्लेझ राहत नाही. ट्रेला फॉइल, फॉइलला तेलाचं बोट, वर काप एकमेकांना न टेकता. कापांवर मिळून एक लहान चमचा तेल.

२०० अंश, मधली जाळी, दोन्ही रॉड. दोन सेंटीमीटर जाडीला मी आठ मिनिटं देते. मग ट्रे बाहेर, ग्लेझचा एक हात, ट्रे एक जाळी वर, फक्त वरचा रॉड. दोन मिनिटांनी दुसरा हात, पुन्हा दोन-तीन मिनिटं. काप उलटायचे नाहीत. ब्रश फिरवायचं काम मुलीने मागून घेतलं. ती दहावीला आहे, पण त्या पाच मिनिटांना पुस्तक सोडून येते. ट्रे बाहेर काढताना कोपरापर्यंतचे हातमोजे वापरा, उकळता गूळ कातडीला चिकटून बसतो.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? मधल्या काट्यापाशी काट्याचमच्याने हलकं दाबायचं. मांस काट्यापासून सुटायला हवं आणि पाकळ्या वेगळ्या व्हायला हव्यात, आत काचेसारखी झाक दिसता कामा नये. खात्री हवी असेल तर सुईचा थर्मामीटर मध्ये खुपसा, ६३ अंश पुरेत. बाबांच्या तब्येतीमुळे मी सुरुवातीला दर वेळी मोजत होते, आता डोळ्याला कळतं. वर पांढरे गोळे फुटून आलेले दिसले तर घाबरू नका, ते माशातलं प्रथिन आहे, खायला चालतं. पण ते जास्त भाजल्याची खूण आहे, पुढच्या वेळी एक मिनिट कमी करा. आणि बाहेर काढल्यावर तीन-चार मिनिटं तसाच राहू द्या. आत तो अजून शिजत असतो, आणि तेवढ्यात ग्लेझ बसतं.

ताटात रावस, तांदळाची भाकरी, कांदा-काकडीची लिंबू पिळलेली कोशिंबीर आणि पातळ वरण. बाबांनी तुकडा उलटून खालची बाजू पाहिली. कापाच्या कडेचा तांबूस, चिकट भाग आधी खाल्ला. मग म्हणाले, "आगळ आपल्याकडचं?" मी हो म्हटलं. त्यांनी दुसरी तुकडी घेतली. मला जेवताना इतका वेळ बोलायचं सुचलं नाही. पाच महिने तो माणूस वरण-भातावर उठत होता.

आईंचं मत वेगळं पडलं आणि ते मी इथे लिहायलाच हवं, कारण तुमच्याकडेही हाच प्रश्न येईल. त्यांना माशाला गोड चव पटत नाही. त्यांच्यासाठी मी गूळ अर्धा करून, त्याऐवजी चमचाभर लोणी आणि दोन-तीन तिरफळं (कोकणात माशात घालतात तो सुगंधी मसाला) ठेचून घालते, म्हणजे चमक थोडी कमी होते, पण चव ओळखीची होते. तिरफळ बांगड्याबरोबर सगळ्यात खुलतं. बांगडा अख्खा, दोन्ही बाजूंनी चिरा देऊन, रावसापेक्षा दोन मिनिटं जास्त. त्याची चरबी भरपूर असल्यामुळे तेल लावावं लागत नाही, आणि स्वस्त आहे, तेव्हा शिकायची सुरुवात बांगड्यावर करायलाही हरकत नाही. पापलेट मी एकदा केलं. सुंदर झालं, पण आमच्या पाच जणांना परवडण्यासारखं नाही. शिवाय चंदेरी पापलेट २०२३ पासून राज्याचा मासा आहे आणि त्याची लहान लहान पिल्लं बाजारात मांडलेली दिसतात, ती तरी घेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

गोठवलेला बासा कामाला येतो का, असं दोघी-तिघींनी विचारलं. येतो, पण तो खूप पाणी सोडतो. रात्रभर फ्रीजमध्ये सोडवा, टिपा, पाच मिनिटं नुसताच भाजा, ट्रेवर जमलेलं पाणी ओतून टाका आणि मग पुढे चला. पाकिटावर बर्फाचा थर धरून वजन लिहिलं आहे की बर्फ वगळून, तेही पाहून घ्या.

ऑक्टोबरच्या अखेरीस बाबांना घेऊन पुन्हा तपासणीला गेलो तेव्हा मी सगळी प्रमाणं कागदावर लिहून नेली होती. आहारतज्ज्ञ बाईंनी गुळापेक्षा आगळातल्या मिठाबद्दल जास्त विचारलं. एका तुकडीला गूळ जेमतेम दीड लहान चमचा येतो आणि त्यातला थोडा ट्रेवर राहतो, त्याला त्यांची ना नव्हती. त्या रात्रीच्या वरणात आणि कोशिंबिरीत मीठ घालू नका, असं मात्र त्यांनी सांगितलं, आणि आम्ही तसंच करतो. बाबांना मधुमेह नाही. तुमच्या घरी कोणाला असेल तर माझ्या प्रमाणावर विसंबू नका, प्रमाण लिहून न्या आणि विचारा. 'थोडासा गूळ' म्हटलं की कोणाला काहीच कळत नाही. 'सहा कापांना तीन चमचे' म्हटलं की उत्तर मिळतं.

विजेचा धसका आईंना होता. दीड हजार वॅटचा ओव्हन सलग अर्धा तास चालला तरी पाऊण युनिटच होतं, आणि तो सलग चालत नाही, तापला की मधून मधून बंद होतो. ट्रे धुणं सोपं आहे: फॉइल काढून टाकलं तरी कोपऱ्यात पाक गेलेलाच असतो, तिथे घासत बसायचं नाही, गरम पाणी ओतून जेवायला बसायचं. गूळ आपोआप विरघळतो. तारेची घासणी लावलीत तर ट्रेचा थर जाईल. उरलेला काप दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजू नका, कोरडा होतो. काटे काढून कुस्करा, बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू घाला आणि पोळीत गुंडाळून मुलीच्या डब्यात द्या. मात्र डबा सकाळच्या शाळेचा असेल तरच, दुपारपर्यंत बाहेर राहणार असेल तर नको.

खर्चाचं म्हणाल तर एका रात्रीचे सहा काप साधारण सातशे-साडेसातशे ग्रॅमचे होतात, म्हणजे त्या भावाने आठशे रुपयांच्या आसपास, आणि वर आगळ-गुळाचे वीस-पंचवीस. तळायलाही मासा तेवढाच लागायचा, तेल वाचलं ते वेगळं. पण अख्खा रावस घ्याल तेव्हा डोकं, शेपटी आणि पोटाकडचे काप मावशींकडे सोडून येऊ नका. वजन करताना पैसे त्यांचेही दिलेले असतात, आणि रविवारचं कालवण त्यांच्यावरच होतं. आई त्यात खोबरं निम्म्याने कमी घालतात आता, आणि डोक्याचा भाग बाबांच्या ताटात वाढतात.